छातीत पाणी, पण मूळ पोटात

‘छातीत पाणी झाले’ हे शब्द आपल्या लाखनी परिसरात नवीन नाहीत. नात्यात, शेजारी, गावात असा एखादा रुग्ण होऊन गेलेलाच असतो. छातीत पाणी म्हणजे क्षयरोग, म्हणजेच टीबी, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले आहे. खरे सांगायचे तर आम्हा डॉक्टरांच्या मनातही ते तितकेच पक्के आहे, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरते. पण काही वेळा ते चुकते. एकदा माझ्या हातून असेच चुकले. त्या चुकीतून जे शिकलो ते आज सांगणार आहे. विषय थोडा अनोळखी आहे. पोटातील स्वादुपिंड नावाच्या अवयवाचा जुना आजार आणि त्यामुळे फुफ्फुसांवर येणारे संकट, असा हा विषय.

एक रुग्ण

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रोवणीचे दिवस होते. जवळच्या एका खेड्यातून चाळिशीतला एक शेतकरी पत्नीला घेऊन दवाखान्यात आला. “डाक्टर साहेब, चार पावले चाललो का दम लागते,” ही त्याची तक्रार. महिनाभरापासून कोरडा खोकला, भूक मेलेली, वजन उतरलेले, अधूनमधून अंगात कसकस. छाती बोटांनी ठोकून पाहिली तर डाव्या बाजूला पाण्याने भरलेल्या माठासारखा भद्द आवाज आला. स्टेथोस्कोप लावला तर त्या बाजूला श्वासाचा आवाज जवळजवळ नव्हताच. एक्स-रेमध्ये डावी बाजू अर्ध्याहून अधिक पांढरी दिसली. पाणी झाले होते यात शंका नव्हती.

सुईने पाणी काढले. त्याचा रंग कोऱ्या चहासारखा होता. तपासणीत प्रथिने भरपूर निघाली, टीबीचे जंतू मात्र दिसले नाहीत. फुफ्फुसाभोवतालच्या आवरणाचा टीबी असला तरी पाण्यात जंतू बहुधा सापडत नाहीत. त्यामुळे मी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. वय, खोकला, वजन, पाणी, सगळे जुळत होते. मी टीबीचे निदान केले आणि उपचार सुरू झाले.

पाणी काढल्यावर त्याला चार दिवस बरे वाटले. तीन आठवड्यांत छाती पुन्हा भरली. पुन्हा पाणी काढले, ते पुन्हा भरले. तिसऱ्या वेळी त्याची पत्नी सहज बोलून गेली, “साहेब, यायचे पोट आता दुखत नाही, तेवढे तरी बरे झाले. आधी रातभर गुडघे पोटाले लावून बसत.”

मी थबकलो. “हे कधीपासून?”

“दोन-तीन साल झाले असतील जी.”

“जेवल्यावर वाढायचे? पाठीत जायचे?”

“हो जी.”

“आणि दारू?”

तिने नवऱ्याकडे पाहिले. उत्तर त्यानेच दिले, “मोहाची घेतो जी. रोजच.”

दोन महिने हा माणूस माझ्याकडे येत होता. या काळात मी त्याच्या पोटाची एकदाही चौकशी केली नव्हती, दारूचीही नाही. त्याच दिवशी छातीतल्या पाण्याचा नमुना एका वेगळ्या तपासणीसाठी पाठवला. तपासणीचे नाव ‘अमायलेज’. निरोगी माणसाच्या रक्तात याचा आकडा साधारण शंभराच्या आत-बाहेर असतो. या पाण्यात तो कित्येक हजार निघाला. ते पाणी टीबीचे नव्हतेच. तो स्वादुपिंडाचा रस होता, आणि तो पोटातून छातीत येऊन साचत होता.

स्वादुपिंड म्हणजे काय?

यकृत म्हणजे लिव्हर सर्वांना ठाऊक आहे. दारूने लिव्हर खराब होते हे शाळकरी मूलही सांगेल. स्वादुपिंडाचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही, कारण ते बाहेरून हाताला लागत नाही. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवा पडलेला हा अवयव सुमारे १५ सेंटिमीटर लांब असतो. त्याचे डोके उजवीकडे लहान आतड्याच्या वळणात असते आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत पोचते. त्या शेपटाच्या वरच श्वासपटल आहे आणि श्वासपटलाच्या वर डावे फुफ्फुस. हा शेजार लक्षात ठेवावा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

स्वादुपिंडाची कामे दोन. एक म्हणजे इन्सुलिन तयार करून रक्तातील साखर ताब्यात ठेवणे. दुसरे म्हणजे दिवसाला सुमारे दीड लिटर पाचक रस तयार करणे. या रसातील अमायलेज भातातील पिष्ट पचवते, लायपेज तेल-तूप पचवते आणि ट्रिप्सिन डाळ-मांसातील प्रथिने पचवते. हा सर्व रस एका मुख्य नलिकेतून लहान आतड्यात उतरतो. ही नलिका १६४२ साली इटलीतील पादुआ येथे विरसुंग नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने प्रथम दाखवून दिली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

मांस पचवणारा रस स्वतः स्वादुपिंडाला का पचवत नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. निसर्गाने तशी सोय केली आहे. प्रथिने पचवणारे घटक स्वादुपिंडात निद्रिस्त अवस्थेत असतात आणि आतड्यात उतरल्यावरच जागे होतात. ते आधीच जागे झाले तर अवयव स्वतःलाच भाजून काढू लागतो. यालाच स्वादुपिंडाचा दाह म्हणतात. हा दाह एकदाच पण जोराचा झाला तर तो तीव्र दाह. वर्षानुवर्षे धुमसत राहिला तर तो जुनाट दाह. जुनाट दाहात स्वादुपिंड हळूहळू आक्रसते, त्यात व्रण पडतात, नलिकेत खडे होतात आणि ती जागोजागी अरुंद होते.

पोटातला रस छातीत कसा जातो?

आपला जिल्हा तलावांचा. तेव्हा तलावाच्याच उदाहरणाने सांगतो. तलावातून निघणारा पाट गाळाने बुजला आणि वरून पाणी येतच राहिले तर काय होते? पाणी तुंबते, दाब वाढतो आणि जिथे पाळ कच्ची असेल तिथून फुटते. मग ते पाणी आपल्या बांधीत न जाता भलत्याच्याच बांधीत शिरते.

स्वादुपिंडात नेमके हेच घडते. खड्यांनी किंवा व्रणांनी नलिका बुजते. रस तयार होणे थांबत नाही. दाबाने नलिका फुटते. गळालेला रस कधी जवळच साचतो आणि त्याभोवती वेष्टन तयार होऊन पाण्याची पिशवी बनते. नलिका किंवा पिशवी पुढच्या बाजूने फुटली तर रस पोटात पसरतो आणि जलोदर होतो. मागच्या बाजूने फुटली तर रसाला वर जाण्याची वाट सापडते. श्वासपटलात अन्ननलिका आणि महाधमनी यांच्यासाठी नैसर्गिक वाटा आहेत. त्या वाटांनी रस छातीच्या मध्यभागी चढतो आणि तिथून फुफ्फुसाच्या दुहेरी आवरणात उतरतो. अमेरिकेतील शल्यचिकित्सक जॉन कॅमेरॉन यांनी १९७६ साली असे रुग्ण एकत्र अभ्यासून मांडले. स्वादुपिंडामुळे पोटात होणारे पाणी आणि छातीत होणारे पाणी ही एकाच फुटलेल्या नलिकेची दोन रूपे आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

हे पाणी बहुतेक वेळा डाव्या बाजूला होते. काही वेळा ते उजवीकडे किंवा दोन्हीकडेही आढळते. ते भरपूर असते आणि काढले तरी पुन्हा भरते, कारण खालची गळती चालूच असते.

आणखी एक फसवी गोष्ट सांगतो. पाळ फुटली की तलावातला दाब उतरतो. तसेच गळती सुरू झाल्यावर पोटातले दुखणे पुष्कळदा कमी होते किंवा थांबतेही. रुग्ण येतो तो दम आणि खोकला घेऊन. पोटाबद्दल तो बोलतच नाही, कारण पोट आता शांत असते. माझा रुग्णही पोटाविषयी बोलला नव्हता. बरे झालेले दुखणे डॉक्टरला कोण सांगतो? ते विचारणे माझे काम होते.

फुफ्फुसांना आणखी कोणता त्रास होतो?

स्वादुपिंडामुळे छातीत होणारे प्रत्येक पाणी गळतीचेच असते असे नाही. दाहाचा झटका आला की श्वासपटलाखालची सूज वर झिरपून डाव्या बाजूला थोडे पाणी होते. झटका ओसरला की ते बहुधा आपोआप जिरते.

पोट दुखत असल्याने रुग्ण खोल श्वास घेत नाही. त्यामुळे फुफ्फुसाचा तळचा भाग फुग्यातली हवा गेल्यासारखा मिटतो आणि तिथे न्यूमोनिया होण्याची भीती असते. जुन्या दुखण्यावर अचानक जोराचा झटका आला तर दाहाचे विषारी पदार्थ रक्तातून दोन्ही फुफ्फुसांत पोचतात. फुफ्फुसांना सूज येते आणि रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो. अशा रुग्णाला अतिदक्षता विभाग आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास यंत्र लागू शकते. प्राणावर बेतणारी हीच अवस्था आहे. तीव्र पोटदुखी व उलट्या यांच्या जोडीला श्वास वाढला तर सकाळची वाट पाहू नये. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

टीबी की स्वादुपिंड?

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. भूक मंदावणे, वजन घटणे, खोकला, दम आणि छातीत प्रथिनयुक्त पाणी ही लक्षणे दोन्हीकडे सारखीच असतात. शिवाय एक रोग असला म्हणजे दुसरा नाही, असेही म्हणता येत नाही. जुनाट दाहाने स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची शक्ती जाते आणि मधुमेह होतो. चरबी पचत नाही, शौचाला तेलकट व चिकट होते, अन्न अंगी लागत नाही. मधुमेह आणि कुपोषण या दोन्हींमुळे टीबीचा धोका वाढतो. म्हणून स्वादुपिंडाच्या रुग्णाला खरा टीबीही होऊ शकतो.

यासाठी मी आता एक नियम पाळतो. छातीतले पाणी तपासायला पाठवताना टीबीच्या तपासण्यांबरोबर अमायलेजही लिहितो. विशेषतः पाणी डावीकडे असेल, चहासारखे किंवा रक्ताळ असेल, काढल्यावर झपाट्याने भरत असेल, किंवा रुग्णाला जुन्या पोटदुखीचा वा दारूचा इतिहास असेल तर ही तपासणी चुकवत नाही. ती साधी आहे आणि त्याच पाण्याच्या नमुन्यावर होते. अन्ननलिका फाटणे, काही प्रकारचे कर्करोग अशा कारणांनीही अमायलेज वाढू शकते, पण आकडा हजारांत गेला तर प्रथम स्वादुपिंडाचा विचार करावा लागतो. पुढे पोटाची सोनोग्राफी व सीटी स्कॅन केल्यावर खडे, आक्रसलेले स्वादुपिंड किंवा पाण्याची पिशवी दिसते. गळतीची वाट कुठून कुठे जाते ते एमआरसीपी या खास प्रकारच्या एमआरआय तपासणीत बहुधा कळते.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. हा लेख वाचून कोणीही टीबीची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. आपल्याकडे छातीत पाणी होण्याचे टीबी हे आजही मोठे कारण आहे. अर्धवट सोडलेल्या उपचाराने टीबी औषधांना दाद देईनासा होतो. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. औषध थांबवायचे की नाही ते त्यांना ठरवू द्या.

उपचार कसे होतात?

केवळ पाणी काढत राहणे हा उपचार नव्हे. फुटलेली पाळ तशीच ठेवून बांधीतले पाणी उपसण्यासारखे ते आहे. छातीत नळी घालून पाणी काढून फुफ्फुस मोकळे करतात. त्याच वेळी रस कमी तयार व्हावा म्हणून काही दिवस तोंडाने अन्न देत नाहीत. नाकातून आतड्यापर्यंत बारीक नळी टाकून पोषण देतात. काहींना ऑक्ट्रिओटाइड नावाची इंजेक्शनेही देतात. एवढ्यावर काही रुग्ण बरे होतात.

बाकीच्यांसाठी दुर्बिणीचा उपाय आहे. तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेतात आणि स्वादुपिंडाच्या नलिकेच्या तोंडातून प्लास्टिकची बारीक नळी आत बसवतात. यालाच स्टेंट म्हणतात. रसाला आतड्याकडची सरळ वाट मिळाली की गळती सुकते. हा स्टेंट काही आठवडे किंवा महिने ठेवून मग काढतात किंवा बदलतात. खडे मोठे असतील किंवा स्टेंट बसत नसेल तर शस्त्रक्रिया करावी लागते. ही सोय तालुक्याच्या ठिकाणी होणारी नाही. पोटविकारतज्ज्ञ असलेल्या नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात जावे लागते. खर्चाची धास्ती घेऊन घरी बसू नये. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेले असतात. कोणते उपचार योजनेत बसतात याची चौकशी त्यांच्याकडे आधी करावी.

दारू, विडी आणि न पिणारे

आपल्या भागात मोहाचे झाड पूज्य आहे. मोहफुलांवर कित्येक घरांचा उन्हाळा निघतो. मोहफूल खाण्यात काही वावगे नाही. परंतु ‘मोहाची दारू झाडाची, ती बाधत नाही’ ही समजूत चुकीची आहे. मोहाची असो, देशी असो वा सीलबंद विलायती, तिच्यातील मद्यार्क एकच आणि स्वादुपिंडाला होणारी इजाही एकच. प्रत्येक पिणाऱ्याला हा आजार होत नाही हे खरे. पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही.

विडी-सिगारेटचा दोषही यात मोठा आहे. तंबाखूचा धूर फुफ्फुस बिघडवतो हे सर्वांना ठाऊक आहे. तो स्वादुपिंडाचा जुनाट दाहही वाढवतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आपला भाग तेंदूपानाचा आणि विडीचा. दारू सुटली पण विडी राहिली तर अर्धेच काम झाले असे समजावे.

आता दुसरी बाजू. हा आजार दारू न पिणाऱ्यांनाही होतो. केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी १९६०च्या दशकात असे अनेक तरुण रुग्ण नोंदवले. त्यांनी दारूला कधी स्पर्श केला नव्हता, तरी स्वादुपिंड खड्यांनी भरलेले होते आणि कोवळ्या वयात मधुमेह झाला होता. काही घराण्यांत जनुकांतील दोष त्याला कारण असतो. पित्ताशयातले खडे आणि रक्तातील कॅल्शियमचे वाढलेले प्रमाणही स्वादुपिंडाला त्रास देऊ शकते. म्हणून पोटदुखीने वाकलेल्या प्रत्येक माणसाला दारुडा ठरवू नये. निर्व्यसनी तरुणाला किंवा बाईला वारंवार पोट दुखत असेल तर ‘गॅस आहे’ म्हणून सोडूनही देऊ नये.

वाचकांनी काय ध्यानात ठेवावे?

बेंबीच्या वर दुखते, पाठीत जाते, जेवल्यावर किंवा दारूनंतर वाढते आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होते, असे दुखणे वारंवार येत असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी.

छातीचे पाणी काढल्यावर पुन्हा भरले तर जुनी पोटदुखी आणि दारू या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना न विचारता सांगाव्यात. रुग्ण सांगत नसेल तर घरच्यांनी सांगाव्यात. त्यात बदनामी नाही, लपवण्यात मात्र धोका आहे.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू जरूर सोडावी, पण एकाएकी सोडताना डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अचानक बंद केल्याने हातपाय कापणे, भ्रम, फेफरे असे प्रकार होऊ शकतात. त्यावर औषधे आहेत.

हा आजार ठरलेल्यांनी रक्तातील साखर नियमित तपासावी. डॉक्टरांनी पाचक रसाच्या कॅप्सूल दिल्या असतील तर त्या जेवणासोबत घ्याव्यात. जेवण थोडे थोडे पण अनेकदा घ्यावे. उपवास करून अंग आणखी वाळवू नये.

शेवटी माझ्या रुग्णाविषयी. त्याला नागपूरला पाठवले. तिथे नलिकेत खडे आणि गळती दोन्ही सापडले. स्टेंट बसवला आणि टीबी नसल्याची खात्री करून तिथल्या तज्ज्ञांनी ती औषधे थांबवली. तीन आठवड्यांनी तो परतला तेव्हा एक्स-रेमध्ये डावे फुफ्फुस उघडलेले दिसत होते. पुढच्या रोवणीला तो बांधीत उतरला. दारू त्याने सोडली. मध्ये एकदा पोळ्याच्या दिवशी घेतली, तेव्हा दुखण्याने आठवडाभर झोपवले. त्यानंतर घेतली नाही. आता त्याला मधुमेह झाला आहे आणि तो दर महिन्याला साखर तपासायला येतो. जे स्वादुपिंड गेले ते परत येत नाही, हे त्याला मी समजावून सांगितले आहे. त्याचे जे दोन महिने माझ्यामुळे वाया गेले, तेही मी त्याला सांगितले आहे.

त्या दिवसापासून माझ्या टेबलावरच्या केसपेपरवर, तक्रार छातीची असली तरी, एक ओळ मी न चुकता भरतो: पोट कधी दुखत होते का? आणि उत्तर रुग्णाने दिले तरी सोबत आलेल्या बाईलाही एकदा विचारतो.